जातिवंत कुत्र्यांची वंशागत दुखणी



वसंत ऋतूतल्या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी, शिवकाल, अर्थसंकल्प असले विषय शोभतात. त्या मांडवात कुत्र्यांच्या दुखण्यांवर कोणी बोलावयास उभा राहिला, तर श्रोत्यांच्या चेहऱ्यावर थोडे हसू उमटणारच. ते उमटले आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. तरीही आम्ही हा विषय जाणून निवडला. दिंडोरी तालुक्यात आज मळ्यामळ्यावर बंगले उभे राहिले आहेत आणि बंगला झाला की फाटकाशी जातिवंत कुत्रा पाहिजे अशी रीत पडली आहे. पूर्वी मळ्यावर जे कुत्रे असे, ते आपण होऊन आलेले असे. आताचे कुत्रे विकत आणलेले असते. विकत घेण्याच्या वस्तूची पारख करावी लागते, आणि या बाबतीत आमच्या लोकांची पारख फार कच्ची आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

गंमत अशी, की हीच मंडळी बाजारात बैल घ्यावयास गेली म्हणजे किती चोखंदळ असतात! दात मोजतील, खूर उचलून पाहतील, अंगावरचे भोवरे तपासतील, चार पावले चालवून आणि जुवाला जुंपून पाहतील. बैलात ‘खोड’ आहे का, हा प्रश्न दहादा विचारतील. घोटीच्या बाजारात डांगी बैल पाहणारा जुना शेतकरी बैलाची आई कोणाच्या दावणीची होती हेही विचारीत असे. तोच शेतकरी मुलाच्या हट्टापायी कुत्र्याचे पिल्लू आणावयास शहरात जातो तेव्हा काय पाहतो? पिल्लू गुबगुबीत आहे का, आणि किंमत किती. पिल्लाचे आईबाप पाहिलेत का असे विचारले, तर ‘कागद दिला आहे ना!’ असे उत्तर येते. त्या कागदावर खोड लिहिलेली नसते.

उदाहरणासाठी आम्ही एकच जात घेणार आहोत. तिचे नाव श्नाउझर. जर्मन भाषेत ‘श्नाउत्से’ म्हणजे मुस्कट किंवा थूत. या कुत्र्याच्या थुतावर भरघोस मिशा आणि हनुवटीखाली दाढी असते, भुवयाही जाड असतात, त्यामुळे पिल्लूसुद्धा पेन्शनीत निघालेल्या मामलेदारासारखे दिसते. मूळचा हा शेतकऱ्याचा कुत्रा. दक्षिण जर्मनीत तबेल्यातले उंदीर मारावे, गाडीची राखण करावी, ही त्याची कामे. त्याचे तीन आकार आहेत : मोठा, मध्यम आणि लहान. लहान श्नाउझर हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्यम आकाराच्या कुत्र्यांचा आफेनपिन्शर नावाच्या बुटक्या जातीशी संकर करून सिद्ध केला गेला. उंची जेमतेम हातभराहून कमी, वजन पाच ते नऊ किलो. हुशार, प्रेमळ, घरात केस फारसे न गाळणारा, म्हणून शहरांतल्या सदनिकांत तो लोकप्रिय झाला आणि तेथून आपल्याकडेही पोचू लागला आहे. आमच्या बोलण्यातला श्नाउझर म्हणजे हा लहान श्नाउझर समजावा.

आता याची दुखणी. पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे दुखणे रक्तातले आहे. आपण जेवलो म्हणजे जेवणातली चरबी काही तास रक्तात तरंगते आणि मग निघून जाते. कुत्र्याचेही तसेच. परंतु पुष्कळशा श्नाउझरांत ती निघून जात नाही. बारा तास उपाशी ठेवलेल्या अशा कुत्र्याचे रक्त काढून काचेच्या नळीत ठेवावे. तांबड्या पेशी तळाशी बसल्या की वरचे पाणी पिवळसर पारदर्शक दिसावयास हवे. येथे ते दुधासारखे पांढरे दिसते. अमेरिकेत १९२ निरोगी दिसणाऱ्या लहान श्नाउझरांची तपासणी करून २००७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत जवळजवळ ३३ टक्के कुत्र्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी प्रमाणाबाहेर आढळली. वय वाढेल तसे हे प्रमाण चढत जाते आणि नऊ-दहा वर्षांच्या कुत्र्यांत तर बहुतेकांच्या रक्तात ती असते. ‘निरोगी दिसणाऱ्या’ हे शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. कुत्रा उड्या मारीत असतो, भुंकत असतो, आणि आत रक्त दाटत असते.

याचा परिणाम पुढे स्वादुपिंडावर होतो. जठराच्या मागे असलेली ही ग्रंथी अन्न पचविणारे रस तयार करते. तिला दाह झाला म्हणजे ते रस तिलाच पचवू लागतात. कुत्रा ओकतो, खात नाही, पोट दुखते म्हणून पुढचे पाय पसरून छाती जमिनीस टेकवितो आणि मागचा भाग वर धरतो. पाहणाऱ्यास वाटते, आळस देतो आहे. हा प्राणघातक आजार आहे. त्यातून वाचलेल्या काहींना पुढे मधुमेह जडतो. आणि तो आजार ओढवण्यास निमित्त बहुधा एखादे तेलकट-तुपकट जेवण होते. आमच्या घरांत कुत्र्याला काय मिळते ते आपण जाणताच. सणाची तुपाची पोळी, दिवाळीचे उरलेले अनारसे आणि चिवडा, रविवारच्या मटणाची चरबी, आणि नाशिक जिल्हा असल्यामुळे मिसळीची तर्री! गावठी कुत्रा हे सारे पचवून दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर असतो. श्नाउझरला हेच अन्न मायेने भरविले तर ते विष ठरू शकते. घरातल्या आजीबाईंना हे पटवून देणे वैद्यकापेक्षाही अवघड आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

दुसरे दुखणे मूतखड्याचे. ही जात या विकारास विशेष बळी पडते. खडे मुख्यतः दोन प्रकारचे. एक जंतुसंसर्गातून होणारा, जो पथ्याच्या आहाराने व औषधाने विरघळविता येतो. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेटचा, जो विरघळत नाही आणि बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. नर कुत्र्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खडा तेथे अडकला तर चोवीस तासांत प्राणावर बेतू शकते. चैत्र-वैशाखात पाण्याचे भांडे दुपारी दोन वाजताच कोरडे पडलेले आम्ही पुष्कळ अंगणांत पाहिले आहे. ज्या कुत्र्याच्या वंशातच खड्याची ओढ आहे, त्याला तहानलेले ठेवणे म्हणजे खड्याला खतपाणी घालणे होय. कुत्रा वारंवार पाय वर करतो आणि थेंब-थेंबच मुतू लागतो, तर उद्या पाहू असे म्हणू नये.

डोळ्यांत लहानपणीच येणारा मोतीबिंदू, दृष्टिपटल हळूहळू झिजून येणारे अंधत्व, पाठीवर उठणाऱ्या काळ्या टोकाच्या पुटकुळ्या, हृदयाचे ठोके मध्येच थांबून येणारी घेरी, ही या जातीतली आणखी काही दुखणी. यांतल्या पुटकुळ्या निरुपद्रवी आहेत. बाकीच्यांबद्दल तसे म्हणता येत नाही. परंतु त्यांची नुसती यादी वाचण्यात आपला वेळ घालविण्यापेक्षा एकाच रोगाची कथा नीट सांगावी असे आम्हांस वाटते. कारण वंशागत रोग कसा शिरतो, कसा लपतो आणि कसा पकडला जातो, हे सारे त्या एका कथेत आहे.

त्या रोगात स्नायू आखडतात, पण सैल पडावयास विसरतात. पिल्लू काही आठवड्यांचे होऊन चालू लागले की लक्षात येते. झोपेतून उठले म्हणजे लाकडी खेळण्यासारखे ताठ असते, सशासारख्या उड्या मारीत चालते, दचकले तर आडवे पडते; थोडे हिंडले-फिरले म्हणजे अंग मोकळे होते. जीभ जाड होऊन बाहेर राहते, गिळण्यास त्रास होतो. माणसांतही असा रोग आहे. १८७६ साली थॉमसेन नावाच्या डॉक्टराने त्याचे वर्णन केले, आणि ते त्याने स्वतःच्याच घराण्यात पाहून केले होते. अमेरिकेतल्या टेनेसी प्रांतात दचकल्याबरोबर ताठ होऊन कोसळणाऱ्या शेळ्या आहेत. त्याही याच रोगाच्या. मनुष्य, शेळी आणि श्नाउझर या तिघांतही स्नायूंच्या पेशींत क्लोराइडची ये-जा करविणारे एकच जनुक बिघडलेले आहे.

श्नाउझरांतला हा बिघाड अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी शोधून काढला आणि रक्ताच्या थेंबावरून तो ओळखण्याची चाचणी बसविली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधातील पहिल्या लेखकाचे आडनाव भालेराव आहे. आपल्या जिल्ह्यात हे आडनाव हाक मारली तर चार जण वळून पाहतील इतके परिचयाचे, म्हणून ते वाचताना आम्हांस कौतुक वाटले, एवढेच. त्या निबंधात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. चाचणी केलेल्या शेकडो श्नाउझरांपैकी सुमारे पंचमांश कुत्री या दोषाची वाहक निघाली, जरी प्रत्यक्ष रोगी फार थोडी होती. आणि वंशावळी मागे मागे नेत गेल्यावर त्या सर्वांच्या मुळाशी एकच नामांकित नर सापडला.

एकच नर! हे कसे घडते? प्रदर्शनात एखादा कुत्रा पहिला येतो. त्याची ऐट, दाढी, रंग सर्वांना आवडतात. आपल्या कुत्रीला त्याचीच जोड लावावी म्हणून रांग लागते. त्याची शेकडो पिल्ले होतात. तो स्वतः निरोगी असतो. त्याच्या अंगी दोष आहे तो झाकलेला. जनुकांच्या जोड्या असतात, एक बापाकडून आणि एक आईकडून. जोडीतले एक चांगले असले की काम चालते. अशा प्राण्याला ‘वाहक’ म्हणतात. वाहक म्हणजे रोगी नव्हे, आणि पुढच्या पिढीलाही त्याच्यामुळे लगेच काही होत नाही. पण दोनचार पिढ्यांनी त्याचा पणतू आणि त्याचीच पणती एकत्र येतात. मग हिशेब असा : वाहक नर आणि वाहक मादी यांच्या दर चार पिल्लांमागे सरासरीने एक रोगी, दोन वाहक आणि एक निर्दोष. हे गणित मेंडेल नावाच्या पाद्र्याने ब्रनो गावातल्या मठाच्या बागेत वाटाण्यांवर प्रयोग करून मांडले. १८६६ साली ते छापले गेले आणि पुढे चौतीस वर्षे कोणी त्याकडे ढुंकून पाहिले नाही. १९०० साली तिघांना ते एकदमच सापडले. आमच्या जुन्या माणसांनी सगोत्र विवाह वर्ज्य मानला, तो या गणितामुळे असे आम्ही म्हणणार नाही; त्यांनी तसा हिशेब केला होता याला पुरावा नाही, आणि एकीकडे गोत्र टाळून दुसरीकडे मामाची मुलगी करण्याची चाल याच महाराष्ट्रात होती व आहे. जवळच्या रक्तात झाकलेले दोष भेटतात, इतकेच शास्त्र सांगते.

कुत्र्यांच्या जाती आज आपण पाहतो तशा ठरविल्या गेल्या त्या गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत. इंग्लंडात पहिले श्वानप्रदर्शन न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले. लंडनची केनेल क्लब १८७३ साली निघाली. मग प्रत्येक जातीची नोंदवही झाली आणि ती बंद झाली. बंद झाली म्हणजे वहीत नाव असलेल्या आईबापांचेच पिल्लू वहीत चढेल, बाहेरचे रक्त नको. विहिरीचा झरा बुजवून तेच पाणी रहाटाने फिरवीत राहावे, तसे हे झाले. पाणी स्वच्छ होते तोवर स्वच्छ. एकदा त्यात काही पडले की ते कोठून जाणार?

श्रोत्यांत द्राक्षबागाईतदार पुष्कळ आहेत. त्यांना हे समजावयास अवघड जाऊ नये. थॉमसन सीडलेस घ्या, किंवा तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश, सोनाका. बिनबियांचे द्राक्ष हे मुळात काय आहे? मणी धरतो, आत बी धरू लागते आणि मध्येच तिची वाढ खुंटते. द्राक्षवेलीच्या दृष्टीने पाहिले तर हे वंशागत व्यंगच, पण खाणाऱ्याला ते आवडले म्हणून आपण ते जपले, आणि बी नाही म्हणून डोळा भरून व छाट कलम करून एकाच वेलीच्या लाखो प्रती केल्या. त्यामुळे डावणी आली की एका रात्रीत सबंध बाग सारखीच काळवंडते. एखादी वेल तग धरील अशी आशाच नसते. मग फवारण्यांवर फवारण्या. आणि मुळे क्षाराला टिकेनात तेव्हा आपण काय केले? डॉगरिजचे रानटी खुंट लावून त्यावर कलम बांधले. म्हणजे सुधारलेल्या वाणाला रानटी वेलीच्या पायांवर उभे केले! त्या खुंटाच्या नावात कुत्रा कसा शिरला हे कोडे आज बाजूस ठेवू, पण कुत्र्यांच्या बाबतीतही असाच एक प्रयोग झाला आहे.

पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला डाल्मेशियन आपण चित्रांत पाहिला असेल. या जातीत यूरिक आम्लाचे नीट विघटन होत नाही आणि त्याचे खडे होतात. हा दोष जातीतल्या झाडून साऱ्या शुद्ध कुत्र्यांत दोन्ही बाजूंनी होता. एकही निर्दोष कुत्रा शिल्लक नसेल तर जातीच्या आत निवड करून काय उपयोग? अमेरिकेत रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने १९७३ साली एका पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी डाल्मेशियनचा संकर केला, आणि पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनशीच जोड लावीत दर वेळी खडे न होणारी पिल्ले निवडली. काही पिढ्यांत ठिपके, बांधा, चाल सारे डाल्मेशियनचे झाले आणि लघवी मात्र निरोगी कुत्र्याची राहिली. तरी हौशी मंडळींनी ‘हा अशुद्ध’ म्हणून आरडाओरडा केला. जातीच्या नोंदवहीत त्यांना रीतसर जागा मिळावयास २०१० आणि २०११ साल उजाडले, पहिल्यांदा इंग्लंडात, मग अमेरिकेत. सदतीस वर्षे! शुद्धतेचे वेड माणसाला कोठवर नेते याचा हा नमुना आम्हांस फार बोलका वाटतो.

इंग्लंडातल्या लोकमताला जाग आली ती २००८ साली. त्या वर्षी बीबीसीवर जातिवंत कुत्र्यांच्या हालांवर एक चित्रपट दाखविला गेला. लोक चिडले, चौकशी झाली, आणि २००९ पासून बाप-लेक, माय-लेक व सख्ख्या भावंडांच्या जोडीतून झालेल्या पिल्लांची नोंद तेथील केनेल क्लबने बंद केली. तोवर ती होत होती, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल.

हा प्रश्न कुत्र्यांपुरता आहे असे समजून कोणी निर्धास्त राहू नये. आपल्या गोठ्यातल्या काळ्या-पांढऱ्या संकरित गाईकडे पाहा. महाराष्ट्रात १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे बाएफची स्थापना केली आणि कृत्रिम रेतनाने संकरित गाय खेडोपाडी पोचविली. त्या दुधावर पुष्कळ घरे उभी राहिली हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. परंतु होल्स्टीन वंशातही एकेका वळूची लाखो वासरे झाली. ऑसबर्नडेल आयव्हॅनो नावाच्या, १९५२ साली जन्मलेल्या वळूच्या वंशातून एक झाकलेला दोष जगभर पसरला. त्याची रोगी वासरे जंतूंशी झुंज न देता आल्याने लहानपणीच मरत. कारण सापडले १९९२ साली. १९६२ साली जन्मलेल्या अर्लिंडा चीफ या दुसऱ्या वळूची गोष्ट तर विलक्षण आहे. त्याच्या सोळा हजार लेकी झाल्या आणि नातींना गणती नाही. त्याच्या एका बिघडलेल्या जनुकामुळे जगात सुमारे पाच लाख गाभ गळून पडले असावेत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आणि त्याच वळूमुळे वाढलेल्या दुधाची किंमत त्या नुकसानीच्या अनेक पटींनी भरते, हेही तेच शास्त्रज्ञ सांगतात. म्हणून त्या वळूला दोष द्यावा की आरती ओवाळावी हे आम्हांस ठरविता येत नाही. आज आपल्या देशातल्या मान्यताप्राप्त वीर्यकेंद्रांत होल्स्टीन वळूंची अशा वंशागत दोषांसाठी तपासणी होते. कुत्रा विकणाऱ्याला ती सक्ती नाही.

मग देशी कुत्रा घ्यावा काय? हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. मुधोळच्या घोरपडे राजांनी, विशेषतः मालोजीरावांनी, ज्याची जोपासना केली तो मुधोळ हाउंड, म्हणजेच आपल्या सोलापूर-लातूरकडचा कारवानी, हा उत्तम कुत्रा आहे. २००५ साली टपालखात्याने त्याचे तिकीटही काढले. रानात सशामागे धावणाऱ्या या कुत्र्याची निवड शतकानुशतके कामावर झाली; जो धावू शकला नाही त्याची वीण वाढली नाही. हीच त्याची खरी चाचणी होती. पण आता तोही फॅशनचा होऊ पाहत आहे, आणि ज्या दिवशी त्याची निवड धावेवर न होता रंगावर आणि कागदावर होऊ लागेल, त्या दिवशी श्नाउझरची कथा लातूरलाही सुरू होईल. गावठी कुत्र्याबद्दलही आम्ही भाबडे नाही. खंडोबाचे आणि दत्तगुरूंचे ते वाहवलेले लेकरू रक्ताने निरोगी असते, कारण शंभर घरांचे रक्त त्यात मिसळलेले असते. परंतु त्याच्या वेताची निम्मीशिम्मी पिल्ले वर्षाच्या आत गाडीखाली, डिस्टेंपरने वा उपासमारीने जातात. निसर्गाची निवड ही अशी निर्दय असते. एखादे पिल्लू आणून लस टोचून, पोटभर जेवू घालून सांभाळले, तर मळ्याच्या राखणीला त्याच्यासारखा कुत्रा नाही, हे मात्र खरे.

ज्यांना श्नाउझर किंवा दुसरी कोणतीही जातच हवी, त्यांनी हौस अवश्य करावी. फक्त बैल घेताना जे करता ते करावे. पिल्लाची आई डोळ्यांनी पाहावी, ती कोठे ठेवली आहे, कितव्या खेपेस व्याली आहे ते पाहावे. आई दाखवावयास जो तयार नाही त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. आजा-आजी जिवंत आहेत का, मेली तर कशाने, हे विचारावे. कारण रक्तातली चरबी, मधुमेह, खडे हे विकार पाच-सात वर्षांनी उमटतात आणि तोवर तो कुत्रा तीनचारशे पिल्लांचा आजा झालेला असतो. ही दुखणी एका जनुकाची नाहीत, अनेकांच्या मेळाने येतात. त्यांची सरळ चाचणी नाही. वंशातल्या वृद्धांचा इतिहास हीच त्यांची चाचणी. स्नायूंच्या रोगासारख्या एका जनुकाच्या दोषाला मात्र चाचणी आहे, तिचा दाखला मागावा. केंद्र सरकारने २०१७ साली श्वानपैदाशीचे नियम केले आहेत : पैदास करणाऱ्याची नोंदणी हवी, मादी अठरा महिन्यांची होण्यापूर्वी तिची जोड लावू नये, जन्मात पाचांहून अधिक वेते घेऊ नयेत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये. हे नियम कागदावर चांगले आहेत. चार आठवड्यांचे डोळे मिचकावणारे पिल्लू पिशवीतून विकणारा मनुष्य मात्र आपल्याला आठवडे बाजारातही भेटेल.

ज्यांच्या घरी वाहक कुत्रा निघेल त्यांनी घाबरून जाऊ नये. वाहकाची जोड निर्दोष जोडीदाराशी लावली तर एकही पिल्लू रोगी होत नाही. निम्मी वाहक होतात, निम्मी निर्दोष, आणि पुढच्या पिढीसाठी निर्दोष तेवढी निवडावीत. वाहक दिसला की वंशातून काढून टाका, असा धडाका काही देशांत काही जातींत लावला गेला. त्यामुळे आधीच लहान असलेला कळप आणखी लहान झाला आणि एक दोष गेला तेथे दुसरा वर आला. आपल्या आदिवासी भागात सिकलसेलची तपासणी चालते, विवाहापूर्वी थॅलॅसेमियाची चाचणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो. तेथेही ‘वाहक’ या शब्दाचा अर्थ हाच आहे. तो ऐकून कोणी मुलीला नाक मुरडू लागला, तर त्याने मेंडेलचे वाटाणे पुन्हा मोजावेत.

घरात श्नाउझर असणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. तेल, तूप, तळण, मटणाची चरबी पूर्ण वर्ज्य. वर्षातून एकदा रात्रभर उपाशी ठेवून रक्ततपासणी करावी. पाण्याचे भांडे दिवसातून तीनदा भरावे आणि लघवीस मोकळे सोडावे. दिवसभर कोंडलेला कुत्रा लघवी दाबून धरतो आणि खडा तेथेच जमतो. दाढीला अन्न चिकटून वास मारतो, ती पुसावी. डोळ्यांत पांढरट छटा दिसली तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये.

शेवटी एक गोष्ट, जी वंशागत नाही पण दिंडोरीत बोलावयास उभे राहून न सांगता खाली बसणे आम्हांस बरे वाटणार नाही. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. मग तो श्नाउझर असो, अल्सेशियन असो की बांधावरचा गावठी. काही कुत्री मूठभर खाऊन पचवितात, काहींची मूत्रपिंडे त्यापेक्षाही थोड्याने दोन-तीन दिवसांत बंद पडतात, आणि कोणाचे काय होईल हे आधी कळत नाही. द्राक्षातले टार्टारिक आम्ल याचे कारण असावे असे मत २०२१ पासून पुढे आले आहे. छाटणी-तोडणीच्या दिवसांत बागेत मण्यांचा सडा पडलेला असतो, बेदाण्याच्या शेडवर गोड वास सुटलेला असतो, आणि राखणीचा कुत्रा तेथेच बांधलेला असतो. त्या महिनाभर त्याला दुसरीकडे बांधावे. खाल्ल्याचे दिसले तर मिठाचे पाणी वगैरे घरगुती उपाय करीत बसू नये. पहिल्या दोन तासांत पशुवैद्याकडे पोचल्यास ओकारी करवून बहुतेक विष बाहेर काढता येते. उशीर झाला, दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या आणि लघवी कमी झाली, तर सलाइनवर तीन-चार दिवस झुंजावे लागते, आणि तेथे यश नेहमीच येते असे नाही. आपल्या बागेतल्या गड्यांनाही हे सांगून ठेवावे, कारण कुत्र्यापुढे उरलेला घड टाकणारा हात बहुधा त्यांचाच असतो, आणि तो मायेचा असतो.